मागच्या खोलीचे पांढरे छत

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात खालच्या फळीवर जो राखाडी रंगाचा जड डबा ठेवला आहे, तो मी. जात सांगायची तर कॅमेऱ्याची, आणि आता वयही झाले आहे. पण तुमच्या सहलीचे किंवा वाढदिवसाचे फोटो मी कधी काढले नाहीत. मला रंग दिसत नाहीत, चेहरेसुद्धा नीट ओळखू येत नाहीत. मला दिसते ती फक्त उष्णता. जे गरम ते मला पांढरे दिसते, जे थंड ते काळे, आणि मधले सगळे राखाडी.

परवा तुमच्यापैकी कुणीतरी सरांना विचारले, "सर, हा चांगला चालायचा का?" सर म्हणाले, "फार चांगला." ते ऐकून मला बरे वाटायला हवे होते. पण मित्रांनो, मला शरमच वाटली. एकदा मी इतका चांगला चाललो होतो की त्यापायी एका म्हाताऱ्या बाईला आपले घर सोडून जावे लागले. तेवढे ऐका, मग मला चांगला म्हणायचे की नाही ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडच्या एका फार थंड देशात मी तयार झालो. तिथे बाहेर बर्फ आणि आत शेगडी पेटलेली, असे सहा-सहा महिने चालते. घरातली ऊब भिंतीतल्या फटींतून, छपरातून हळूहळू बाहेर निघून जाते आणि माणसे कुडकुडतात. म्हणून ते लोक भिंतींच्या आणि छपराच्या पोटात लोकरीसारखा जाड थर भरतात. घराला कुठे पांघरूण घातले आहे आणि कुठे ते कमी पडले आहे, हे सांगण्यासाठी मला घडवले होते. माझी पहिली परीक्षा एका लाकडी घरासमोर झाली. खिडकीच्या कोपऱ्यात मला एक पांढरी रेघ दिसली. घरमालकाने तिथे हात लावून पाहिला, हसला आणि लगेच ती फट भरून घेतली. मला तेव्हा वाटले, काय सुंदर काम आहे हे! आपण दाखवायचे आणि माणसांनी सुधारायचे.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मी जहाजाने मुंबईला आलो आणि तिथून रोह्याला, एका रंग-रसायनांच्या कारखान्यात. इथे घरे गरम करायची गरजच नव्हती. मला वाफेच्या नळांवर नेमले. नळांभोवती गुंडाळलेले जाड वेष्टन कुठे फाटले आहे आणि कुठून उष्णता वाया जाते आहे, हे मी दाखवायचे. माझा डोळा आतून बर्फाहूनही थंड ठेवावा लागे. रोज सकाळी सुजय नावाचा तंत्रज्ञ माझ्या डोक्यावरच्या तोंडातून थंडगार द्रव नायट्रोजन ओतायचा. त्याची पांढरी वाफ खाली सांडायची आणि तो म्हणायचा, "चल बाबा, डोळं उघड." सुजय खांब गावचा. रोज सायकलवरून कोलाडच्या रस्त्याने यायचा. तो मला आपल्या खांद्यावर असा घ्यायचा, जसे कुणी लहान भावंडाला घेते.

खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. साहेब लोक पाहुण्यांना मला दाखवायचे आणि म्हणायचे, "याच्यापासून काही लपत नाही." ते वाक्य मला तेव्हा फार आवडायचे.

आता कमळाकरांबद्दल सांगतो. ते आमच्या विभागाचे इंजिनिअर. मूळचे पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचे. वडील भात आणि वालाची शेती करायचे. ते वारल्यावर कमळाकरांनी आईला, इंदुबाईंना, आपल्याजवळ आणले. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात त्यांनी नवे घर बांधले होते. पुढे मोठी बैठकीची खोली, तिच्यामागे निजायच्या खोल्या. त्या सगळ्यांच्या स्लॅबखाली थर्माकोलचे जाड तक्ते आणि त्यांच्याखाली प्लायवूडचे छत. रायगडच्या उन्हाळ्यातसुद्धा बैठकीची खोली गार राहायची. "बाहेर मे महिना आणि आत माथेरान," असे ते कारखान्यात सर्वांना सांगायचे. ते खोटे नव्हते. मीच ते पुढे मोजले.

त्याच सुमारास कारखान्याने कामगारांसाठी वरशातच घरांची वसाहत बांधायचे ठरवले. उन्हाने घरे तापू नयेत म्हणून छताखाली काय घालायचे, असा प्रश्न आला. आमचे मोठे साहेब हैबतराव म्हणाले, "कमळाकर, तुमचंच घर नमुना म्हणून बघू या. मशीन घेऊन या. सगळ्यांनाच बघू दे." कमळाकरांचा चेहरा खुलला. मीही खूश झालो. किती वर्षांनी मला पुन्हा घर बघायला मिळणार होते!

मे महिन्यातली ती दुपार होती. वरशातल्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. बैठकीच्या खोलीत हैबतराव, कारखान्यातले आणखी चार-पाच जण आणि शेजारचे दत्तात्रेय व त्यांची बायको शांती असे सगळे बसले होते. मला एका लांब वायरने घरातल्या टीव्हीला जोडले, म्हणजे मला जे दिसेल ते सर्वांना दिसावे. सुजयने मला खांद्यावर घेतले. बैठकीचे छत टीव्हीवर एकसारखे गडद, शांत राखाडी दिसले. "वा!" हैबतराव म्हणाले. निजायच्या खोल्यांचे छतही तसेच. कमळाकरांची बायको प्रणिता सरबत घेऊन आली. सगळे कौतुक करत होते.

"आणि मागं?" हैबतरावांनी विचारले.

"मागं काही नाही साहेब," कमळाकर घाईघाईने म्हणाले. "अडगळीची खोली आहे. कोणी नसतं तिकडं."

"मग तर बघूच. पांघरलेलं आणि उघडं, दोन्ही बघितल्याशिवाय फरक कसा कळणार? जा हो सुजय."

सुजय निघाला. कमळाकर उठले, पुन्हा बसले. वायर पुरत होती. ती पुरली नसती तर किती बरे झाले असते, मित्रांनो!

सुजयने मागचे दार ढकलले. वर सिमेंटचे पत्रे होते, त्यांच्याखाली काहीच नव्हते. मला ते छत पांढरेफटक दिसले, भट्टीचे तोंड उघडावे तसे. त्या छताखाली जमिनीवर एक माणूस आडवे झाले होते. त्याचे अंग राखाडी होते आणि कपाळावर, छातीवर काळे डाग होते. ते डाग ओल्या फडक्याचे आणि ओल्या पदराचे होते. थंडाव्यासाठी अंगावर ओले कापड घेऊन तिथे इंदुबाई निजल्या होत्या. पाहुणे जाईपर्यंत मागेच थांब, असे त्यांना सांगितले होते.

मी डोळा मिटू शकत नाही. मला पापणीच नाही. पलीकडे टीव्हीवर सगळे ते बघत होते, आणि आपण दिसतो आहोत हे त्या माउलीला माहीतही नव्हते. दाराचा आवाज ऐकून त्या उठून बसल्या, गडबडीने पदर सारखा केला.

"कोन रं बाबा तू?" त्या सुजयला म्हणाल्या. "ये, बस. असा उन्हाचा कशाला फिरतोस? पानी देऊ का?"

भिंतीपलीकडे तो आवाज स्पष्ट ऐकू गेला असणार. कारण पलीकडचे सगळे आवाज एकदम थांबले. सुजयने मला झटकन खाली वळवले. टीव्हीवर आता फक्त जमीन दिसत होती.

मग कमळाकरांचा आवाज आला. मोठा, कोरडा. "मशीन बिघडलंय, साहेब. आतला नायट्रोजन संपला की असं सगळं पांढरं दिसतं. बंद कर रे सुजय!"

माझ्यात नायट्रोजन होता. सकाळीच सुजयने भरला होता. सुजयला ते ठाऊक होते आणि तरीही तो काही बोलला नाही. त्याने मला बंद केले.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यातल्या कोठीच्या कपाटात. बिघडलेली यंत्रे जिथे ठेवतात, तिथे. माझ्या एका बाजूला जळालेली मोटर होती, दुसऱ्या बाजूला तुटका पंखा. मला वाटायचे, मी खोटे दाखवले असे सगळे समजतात. पण त्याहून मोठी लाज दुसरीच होती. मी खरे दाखवले होते, तेही कुणाला न विचारता, भर बैठकीत, जिचे दाखवले तिच्या पाठीमागे.

काही दिवसांनी सुजय आणि कमळाकर कोठीत आले. तेव्हा मला पुढचे कळले.

"आई गेली गागोद्याला," कमळाकर म्हणाले. "मामाकडं. शांतीवहिनी तिला म्हणाल्या, तुमच्या खोलीचा पत्रा टीव्हीवर पेटल्यासारखा दिसला गो. त्याच दिवशी तिनं पिशवी भरली. मला म्हणाली, माझ्यापायी तुझी मान खाली गेली."

"त्या तसं म्हणाल्या?" सुजयने विचारले.

"हो. तिलाच लाज वाटली." कमळाकरांनी मला कपाटातून बाहेर काढले. "त्या खोलीलाही छत करायचं होतं रे. नकाशात होतं. तक्ते कमी पडले, तर म्हटलं पाहुणे पुढं बसतात, आधी पुढचं पुरं करू. मागचं पुढच्या वर्षी. मग राहिलंच. आईनं कधी तक्रार केली नाही."

"कशी करणार त्या?" सुजय हळूच म्हणाला.

त्या दुपारी सुजयने माझ्यात नायट्रोजन भरला आणि कमळाकरांनी मला घरी नेले. ते एकटे त्या मागच्या खोलीत आले, आईची चटई होती तिथे आडवे झाले आणि मला छताकडे रोखून ठेवले. माझ्या लहानशा पडद्यावर ते पांढरे छत त्यांनी बघितले. घामाने त्यांचा सदरा भिजला, तरी ते उठले नाहीत. मग प्रणिता दारात आली. "माझंही चुकलंच," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर आईंचं बोलणं बरं दिसत नाही, असं मीच म्हणाले होते."

लगेच काम सुरू झाले. त्या खोलीला सगळ्यात जाड तक्ते घातले, त्यांच्याखाली छत बसवले, भिंतींना चुना दिला. पुन्हा मला आणले. आता तेही छत गडद, एकसारखे दिसत होते, कुठे एक पांढरी रेघ नाही. कमळाकरांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. कारखान्यात त्यांनी सांगितले, "मशीन दुरुस्त झालंय." मी पुन्हा कामाला लागलो. सुजयने माझ्यावरची धूळ पुसली. पण मी बिघडलोच नव्हतो, तर दुरुस्त कसा झालो? पहिल्या खोट्यावर हे दुसरे खोटे बसले आणि मला ते जड वाटत राहिले.

मग एक दिवस पेणच्या एका बर्फाच्या कारखान्याच्या भिंती तपासायला आम्ही जीपने गेलो. काम झाल्यावर कमळाकर म्हणाले, "सुजय, गाडी गागोद्याकडं घे. आईला घेऊनच जाऊ." गागोद्यात इंदुबाईंचे भाऊ काळुराम यांचे कौलारू घर आहे. कौलांखाली भाताच्या पेंढ्याचा थर होता. जीप उन्हात तापेल म्हणून सुजयने मला ओटीवर आणून ठेवले. त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले.

इंदुबाई वाल निवडत होत्या. मुलाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवले.

कारखान्यात आणि घरी "आई" म्हणणारे कमळाकर इथे वेगळेच बोलले. "आये, खोलीला छत केलंय. एकदम गार हाय आता. मशीन लावून बघितलं. चल घरी."

"बरं केलंस," इंदुबाई म्हणाल्या. "पन मी छतासाठी नाय गेले रं."

"मग?"

"उन्हाचं काय घेऊन बसलास? उन्हात जलम गेला माजा. बांधावर दुपारची भाकर खाल्ली, तवा कुठं छत होतं?" त्या थांबल्या. "तू साहेबास्नी म्हनालास, मागं अडगळ हाय, कोन नसतं तिकडं. मी भिंतीआडून आयकलं, बाबा. मग मला वाटलं, खरंच आपुन नसावं तिकडं."

काळुरामांनी खाली बघितले. सुजयने दुसरीकडे तोंड फिरवले. मित्रांनो, मी त्या खोलीचे छत किती तापले होते ते दाखवले होते. पण जे खरोखर भाजले होते ते मला दिसलेच नव्हते. इतका महागडा डोळा माझा, आणि कशाला उपयोगी पडला?

"जेवून जा," इंदुबाई म्हणाल्या. "आलास तर उपाशी नको जाऊ."

त्यांनी मुलाला वालाची उसळ आणि भाकरी वाढली. कमळाकर जेवले, पण डोळे वर केले नाहीत. आम्ही इंदुबाईंना न घेताच रोह्याला परतलो.

त्याच आठवड्यात वसाहतीच्या घरांची बैठक होती. मी टेबलावर होतो. नकाशा कमळाकरांनीच काढलेला होता, त्यांच्या स्वतःच्या घरासारखा. पुढच्या खोल्यांना छताखाली तक्ते, मागच्या खोलीला नुसते पत्रे. हैबतराव म्हणाले, "ठीक आहे. मागच्या खोलीत काय, सामानसुमानच असणार. करा सुरू."

"नाही साहेब," कमळाकर उभे राहिले. "मागच्या खोलीलाही छत लागेल."

"का? तिथं राहतं कोण?"

"साहेब, माझ्या घरात तिथं माझी आई राहायची. त्या दिवशी मशीन बिघडलं नव्हतं. मी खोटं बोललो. मशीननं बरोबर दाखवलं. मी तुम्हाला अडगळ म्हणालो, ती माझी आई होती. या वसाहतीतही प्रत्येक मागच्या खोलीत कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप झोपणार आहे. आपण नाही म्हटलं तरी तेच झोपणार आहेत."

कमळाकरांचे कान लाल झाले असावेत, कारण मी चालू होतो आणि मला ते एकदम पांढरे दिसले.

हैबतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "टीव्हीवर माणूस दिसत होतं. आवाजही ऐकू आला. मी सरबत संपवलं आणि निघून आलो. मी तरी कुठं काय बोललो?"

"मीसुद्धा गप्प बसलो, साहेब," सुजय म्हणाला. "नायट्रोजन मीच भरला होता."

मग कुणी कुणाला दोष दिला नाही. नकाशा बदलला. वसाहतीतल्या प्रत्येक मागच्या खोलीला छत झाले, आणि त्यातले प्रत्येक मी स्वतः तपासले. पुढचा उन्हाळाभर मी फार मन लावून काम केले.

इंदुबाई लगेच परत आल्या नाहीत. कमळाकर जवळजवळ दर रविवारी एसटीने गागोद्याला जायचे. न्यायला नाही, नुसते भेटायला. शेवटी त्या वर्षीच्या गणपतीला त्या आल्या. मी तिथे नव्हतो. सुजयने दुसऱ्या दिवशी माझ्यात नायट्रोजन ओतताना हे मला सांगितले. हैबतराव दर्शनाला आले होते. बैठकीची खोली भरलेली होती. कमळाकर उठले, आतून आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, ही माझी आई. इंदुबाई." हैबतरावांनी वाकून नमस्कार केला. इंदुबाई आधी गोंधळल्या. मग मुलाकडे बघत म्हणाल्या, "बसा ना साहेब. आपलंच घर हाय." सुजय म्हणाला, तेव्हा कमळाकरांना तिथे उभे राहवले नाही, ते मागच्या अंगणात गेले आणि तोंड धुऊन आले.

मित्रांनो, पुढे नायट्रोजन न लागणारे छोटे कॅमेरे आले आणि मी तुमच्या कपाटात आलो. मी जुना झालो याचे मला वाईट वाटत नाही. पण एक मागणे आहे. उद्या तुमच्या हातात माझ्यापेक्षा चांगली यंत्रे येतील. ती कुणाच्या घरात रोखण्याआधी त्या घरातल्यांना विचारा. आणि ती तुम्हाला काही लाजिरवाणे दाखवतील तेव्हा यंत्र बिघडले असे म्हणू नका. थोडा वेळ ते बघा, जरी कान गरम झाले तरी. आज घरी गेलात की सगळ्यात मागच्या खोलीत जा. तिथे जे कोणी असेल त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "इथे उकडतं का?" त्यासाठी माझ्यासारख्या डोळ्याची गरज नाही.